माझ्या उजव्या हातावरचा चट्टा

आमची रेजिमेंट पंजाबातून देवळालीला आली ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. मी तोफखान्यात गनर होतो. सर्व्हिसला सहा वर्षं झाली होती. माझं गाव सुरगाणा तालुक्यात, गुजरातच्या हद्दीजवळचा एक पाडा. तोवर सुट्टीला घरी जायचं म्हणजे दोन दिवस रेल्वेत जायचे. आता सकाळी निघालं की दुपारी घर. पोस्टिंगची ऑर्डर वाचून दाखवली तेव्हा बॅटरीत माझ्याइतका खूश दुसरा कोणी नसेल.

बॅटरी म्हणजे सहा तोफा आणि त्या चालवणारी माणसं. मी तीन नंबरच्या तोफेवर लेयर होतो. लेयर म्हणजे साइटमधून बघून, हातांनी चाकं फिरवून नेम जुळवणारा. कमांड पोस्टवरून आकडा येतो, तो तसाच्या तसा लावायचा. आकडा चुकला तर गोळा आपल्याच माणसांवर पडू शकतो. म्हणून लेयर निवडताना डोळे आणि हात बघतात. माझे दोन्ही चांगले होते.

देवळालीतला दिनक्रम ठरलेला होता. पहाटे पीटी, मग गन ड्रिल, दुपारी मेंटेनन्स, संध्याकाळी गेम्स. महिन्यातून एकदा एफएफआय, म्हणजे फ्री फ्रॉम इन्फेक्शन. सगळी बॅटरी चड्डीवर रांगेत उभी राहते आणि डॉक्टर एकेकाची कातडी तपासतात. काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या. बराकीत माणसं खाटेला खाट लावून झोपतात. एकाला खरूज झाली की थोड्याच दिवसांत सगळे खाजवायला लागतात. फौजेत रायफल जितकी बघतात तितकीच कातडीही बघतात, हे बाहेरच्या लोकांना खरं वाटत नाही.

तपासणारे आमचे आरएमओ, म्हणजे रेजिमेंटचे डॉक्टर, एक तरुण बंगाली कॅप्टन. त्यांच्यामागे नर्सिंग असिस्टंट रफिक पठाण, तेव्हा लान्स नाईक. मनमाडचा, वडील रेल्वेत फिटर. त्याच्या हातात खरजेच्या औषधाचा डबा आणि ब्रश. खरूज निघालेल्या जवानाला बाजूला घेऊन तो गळ्यापासून तळपायापर्यंत भिंत रंगवावी तसा रंगवायचा. तोंड सतत चालू.

"हात वर. अजून वर. लाजतो काय भाऊ, इथं तुझी सासू नाय उभी."

त्या दिवशी पीटी संपल्यावर लगेच परेड होती. डॉक्टर माझ्यापाशी आले आणि थांबले. उजव्या हाताला, कोपराच्या खाली, पेल्याच्या तळाएवढा एक चट्टा होता. बाकीच्या रंगापेक्षा फिका, कडेला थोडा लालसर. मी त्याला नायटा समजत होतो. नाशिकरोडच्या दुकानातून ट्यूब आणून दोन महिने लावत होतो.

"खाज येते?"

"नाही, सर."

"कधीच?"

"कधीच नाही."

त्यांनी माझा हात उन्हाकडे वळवला. माझं अंग घामानं निथळत होतं. चट्टा तेवढा कोरडा होता. त्याच्यावर केसही नव्हते. ते मला तोवर कधी दिसलं नव्हतं.

"नायटा असता तर खाजला असता," डॉक्टर म्हणाले. "पठाण, याला उद्या हॉस्पिटलला पाठव. स्किन ओपीडी."

रफिक काही बोलला नाही. तो गप्प बसलेला मी पहिल्यांदा बघितला, आणि तेव्हा मला भीती वाटली.

हॉस्पिटलमध्ये मेजर माथूर होत्या, त्वचारोगाच्या स्पेशालिस्ट. त्यांनी मला खिडकीजवळ बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. "मी कापूस लावीन. जिथं लागेल तिथं बोट ठेव." मी खांद्यावर बोट ठेवलं, मनगटावर ठेवलं, तळहातावर ठेवलं. मग बराच वेळ काही झालं नाही. डोळे उघडले तर कापूस चट्ट्यावरच होता, आणि त्या तो फिरवत होत्या. नंतर त्यांनी दोन काचनळ्या घेतल्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. चट्ट्यावर दोन्ही सारख्याच लागल्या. मग त्यांनी कोपराच्या मागच्या खोबणीत दोन बोटं घालून एक नस चाचपली. डाव्या हाताची आणि उजव्या हाताची. उजवी नस सुतळीसारखी जाड झाली होती. मला स्वतःलाही ती लागली.

कानाच्या पाळीतून नमुना घेतला. त्यात जंतू सापडले नाहीत. तरी निदान पक्कं होतं.

"भोये, हा कुष्ठरोग आहे," मॅडम म्हणाल्या. "लवकर सापडला आहे. सहा महिने औषध घ्यायचं. रोज एक गोळी, आणि महिन्यातून एकदा माझ्या माणसासमोर मोठा डोस. तू बरा होशील. पहिल्या डोसानंतर तुझ्यापासून दुसऱ्याला धोका उरत नाही."

मला पहिल्या वाक्यापुढचं नीट ऐकू आलं नाही. आमच्या पाड्याबाहेर ओढ्यापलीकडे रावजीबाबाची झोपडी होती. त्याला महारोग झाला तेव्हा मी शाळेत होतो. लोकांनी त्याला तिकडे झोपडी घालून दिली आणि भाकरी दगडावर ठेवायला लागले. त्याची बोटं कशी आखूड होत गेली ते मी लांबून बघितलं होतं.

"मॅडम, मी बोटं देणार नाही," मी म्हणालो.

त्यांनी वर बघितलं. "मग माझं ऐक. नस दुखायला लागली, चट्टा सुजला, किंवा बोटात जोर कमी वाटला, तर त्याच दिवशी यायचं. कुठेही असलास तरी. उशीर झाला तर जंतू मरतील, पण हात परत मिळणार नाही."

पहिला मोठा डोस मला हॉस्पिटलला घेऊन आलेल्या रफिकनेच दिला, पेला हातात धरून, गोळ्या गिळेपर्यंत समोर उभा राहून. दुपारी लघवी लाल झाली. मी धावत त्याच्याकडे गेलो. तो पोट धरून हसला. "औषधाचा रंग आहे तो. माझ्या बोलण्यावर विश्वास नसेल तर मॅडमला विचार, पण त्या पण हसतील."

काही आठवडे हॉस्पिटलमध्ये काढून मी बॅटरीत परत आलो. लो मेडिकल कॅटेगरी लागली होती. तोफेवरून काढून मला स्टोअरमध्ये दिलं. बराकीत माझ्या दोन्ही बाजूंच्या खाटा सरकल्या होत्या. कोणी वाईट बोललं नाही. 

सुभेदार साहेबांनी मला बाजूला घेतलं. ते मनाने वाईट नव्हते. "भोये, मेडिकल बोर्डापुढे सांग की हात चालत नाही. पेन्शन घे. घरी जमीन आहे, ती बघ."

"माझा हात चालतो, साहेब."

"पोरं घाबरतात."

"त्यांना सांगा घाबरू नका म्हणून. मी घरी जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी माझ्या मगावर लाल रंगाची रेघ दिसली. गाड्यांवर खुणा करायचा रंग. म्हणजे हा मग चुकून कोणी उचलू नये. मी त्यातून चहा प्यायलो, मग धुतला आणि स्टोअरमध्ये गेलो. रंगाचा डबा माझ्याच ताब्यात होता. सगळे गन ड्रिलला गेले असताना मी बराकीतल्या प्रत्येक मगावर तशीच रेघ ओढली. सुभेदार साहेबांच्या मगावरही.

संध्याकाळी बॅटरी फॉल-इन झाली. बॅटरी कमांडर साहेबांच्या हातात एक मग होता.

"हे कोणी केलं?"

मी एक पाऊल पुढे आलो. "मी, सर."

"का?"

"माझ्या एकट्याच्याच मगावर होती, सर."

त्यांनी मगावरची रेघ अंगठ्याने घासून बघितली. "सरकारी सामान खराब केलं म्हणून सात दिवस एक्स्ट्रा फटीग. सगळे मग तू टर्पेंटाइनने साफ करशील." मग ते रांगेकडे वळले. "आणि पहिली रेघ ज्याने ओढली तो त्याच्याबरोबर बसून करेल. नाव मला नको. तो आपणहून येईल."

तो आला. त्याचं नाव मी आजही सांगत नाही. आम्ही दोघं आठवडाभर मग घासत बसलो. तिसऱ्या दिवशी रफिक तिथे येऊन उभा राहिला आणि सगळ्या बराकीला ऐकू जाईल असं बोलायला लागला. "खरूजवाल्याच्या पांघरुणात घुसता, ती लागते. नायटा झालेल्याचा टॉवेल घेता, तो पण लागतो. या भोयेचं औषध चालू आहे, याच्यापासून काय लागत नाय, आणि याच्या बाजूच्या खाटा तुम्ही लांब नेऊन ठेवल्या. मेजर मॅडम परवा येणार आहेत समजवायला. त्याच्या आत खाटा जागेवर लावा, नाय तर मला तुमची लाज वाटंल." मॅडम आल्या, त्यांनी अर्धा तास समजावलं, प्रश्न विचारायला लावले. सगळ्या खाटा काही परत आल्या नाहीत. पण एका बाजूची आली.

औषधाच्या चौथ्या महिन्यात, भातकापणीच्या दिवसांत, मला सुट्टी मिळाली. गोळ्या बरोबर होत्या. घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी विळा हातात धरला आणि कोपरातून करंगळीपर्यंत वीज गेल्यासारखी कळ आली. चट्टा लाल झाला होता, वर उचलला होता, हाताला गरम लागत होता. दुपारपर्यंत करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं. सरळ करायला गेलो तर होईना.

मॅडमनी सांगितलेलं सगळं एकदम आठवलं. पण त्याआधी गाव अंगणात आलं. हाताला काय झालं ते आईने कोणालाही सांगितलं नव्हतं. तरी शेतातल्या माणसांनी बघितलं होतं. माझे चुलते बोलायला पुढे झाले.

"लक्ष्मण, तुला कळतं ते आमालाबी कळतं. रावजीच्या बाजूला दुसरी झोपडी घालू. भाकर पोचवू. बाकीच्या पोरांची लग्नं व्हायची हायेत."

"काका, या रोगावर औषध आहे. मी ते घेतोय. आत्ता नस सुजली आहे, मला नाशिकला जायचंय."

"रावजीपण तेच म्हणं."

"रावजीबाबाला कोणी औषध दिलं नाही. तुम्ही झोपडी दिली."

आई चुलीजवळून उठली. ती चार माणसांत कधी बोलायची नाही. तिने माझी युनिफॉर्मची पिशवी आणून माझ्यासमोर ठेवली आणि चुलत्यांकडे बघून म्हणाली, "माझा पोर त्या झोपडीत नाय जायचा. घालायची तं मला घाला." मग माझ्याकडे बघितलं. "तू जा. जीप निघंल."

मी युनिफॉर्म चढवला. बटणं लावताना उजव्या हाताची दोन बोटं कामाला येईनात, आईने लावली. वणीपर्यंत जीप जायची, तिथून नाशिकची एसटी. जीपमध्ये बाजाराला निघालेली माणसं बसली होती. मी पुढच्या सीटवर बसलो. ड्रायव्हर सोमा माझ्या शाळेतला. तो खिडकीपाशी आला.

"भाऊ, लोकं उतराया लागली. तू उद्या ये ना."

"उद्या माझा हात गेलेला असेल."

"माझा धंदा हाय."

"सोमा, मी उतरणार नाही. चालव, नाहीतर अशीच उभी ठेव. मी बसून राहीन."

बरीचशी माणसं उतरली. मागे एक म्हातारी राहिली, नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पोतं घेऊन. तिला सोमाने विचारलं तेव्हा ती चिडली. "बाजार काय थांबंल का माझ्यासाठी? मला नागली इकायची हाय. त्याचा हात त्याच्यापाशी. चालव रं." सोमाने जीप सुरू केली. वणीला उतरल्यावर मी म्हातारीचं पोतं डाव्या हाताने उतरवून दिलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, लगेच भाव करायला लागली. मला ते फार बरं वाटलं.

देवळालीला पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. रेजिमेंट रेंजवर फायरिंगला गेली होती. एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, रफिक एकटा होता. त्याने हात बघितला, कोपराची नस दाबली, मी ओरडलो. तो सरळ रेडिओ सेटकडे गेला.

"एमआय रूम फॉर डॉक्टर. ओव्हर."

"डॉक्टर ऑन सेट. ओव्हर."

"भोये परत आलाय, सर. चट्टा सुजलाय, नस दुखतेय, दोन बोटं वळलीत. आजच सकाळपासून. रेफरलवर तुमची सही पाहिजे. ओव्हर."

थोडी खरखर झाली. "सही मी उद्या करीन. ॲम्ब्युलन्स काढ आणि आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. मेजर माथूरना घरी फोन लाव. आउट."

मॅडम घरून आल्या, साध्या साडीत. त्यांनी माझ्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात एक पोस्टकार्ड धरायला दिलं आणि हलकेच ओढलं. ते लगेच निघून गेलं. "रिॲक्शन आहे," त्या म्हणाल्या. "रोग वाढलेला नाही. मेलेल्या जंतूंवर तुझंच शरीर चवताळलंय आणि त्यात नस दबतेय. तू आज आलास ते बरं केलंस." स्टेरॉइडच्या गोळ्या तेव्हाच सुरू झाल्या. हात कोपरात वाकवून स्प्लिंटमध्ये बांधला.

कळ काही दिवसांत गेली. बोटं मात्र सहज सरळ झाली नाहीत. स्प्लिंट निघाल्यावर व्यायाम सुरू झाला. तेल लावून बोटं सरळ करायची, रबराचा चेंडू दाबायचा, बोटांच्या मध्ये कागद धरायचा. रफिक ड्यूटी संपवून यायचा, कागदाचं दुसरं टोक धरायचा आणि ओढायचा. कागद निघाला की शिवी द्यायचा. "तोफ ओढणारा माणूस तू, आणि पेपराचा तुकडा सांभाळत नाय?" मी चिडून परत धरायचो. एका रविवारी त्याने ओढला आणि कागद फाटला. अर्धा त्याच्याकडे, अर्धा माझ्या बोटांत. तो अर्धा कागद चुरगळून त्याने खिडकीबाहेर फेकला आणि चहा आणायला गेला.

औषधाचा कोर्स संपला, स्टेरॉइड हळूहळू कमी करत बंद केलं, आणि देखरेखीचा काळ पार पडल्यावर मी मेडिकल बोर्डापुढे उभा राहिलो. तीन अधिकारी, आणि बाजूला मेजर माथूर. मधल्या कर्नलनी मला शर्टाची बटणं काढून लावायला सांगितली, टेबलावरची टाचणी उचलायला सांगितली. मी उचलली.

"स्टोअरमध्ये आराम आहे. तुला तोफेवर का जायचंय?"

"सर, मी स्टोअरमध्ये बसायला भरती झालो नव्हतो."

त्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "हा हात मी पास करते."

मला तीन नंबरची तोफ परत मिळाली.

त्यानंतरच्या सुट्टीत मी घरी न जाता आधी ओढ्यापलीकडे गेलो. रावजीबाबाच्या शेजारी बसून भाकरी खाल्ली, दिवसाउजेडी, सगळ्या पाड्याला दिसेल अशी. मग त्याला घेऊन सोमाच्या जीपमध्ये बसलो. या वेळी सोमाने लगेच जीप सुरू केली. सरकारी दवाखान्यात बाबाला औषध सुरू झालं. गेलेली बोटं आली नाहीत. पण पायाच्या जखमा भरल्या, आणि वर्षाने आईने त्याला आमच्या पडवीत जागा दिली. चुलते आमच्याकडे येईनासे झाले. आई म्हणाली, "नाय आले तं नाय आले."

त्यानंतर रेजिमेंट काश्मीरला गेली. तिथल्या दिवसांचं सगळं मी सांगत नाही. डोंगरात तोफा लावल्या होत्या. थंडीने आणि ओल्या मोज्यांनी जवानांची पायाची बोटं सुजून काळी-निळी व्हायची. रफिक आता लान्स हवालदार होता. तो एका तोफेवरून दुसऱ्या तोफेवर जाऊन पाय तपासायचा.

त्या सकाळी तो आमच्या तोफेपाशी होता. आमच्यातल्या एकाचा पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचकीत जांभळं औषध लावत होता. फायर मिशन चालू झालं होतं. समोरूनही गोळे येत होते. एक चार नंबरच्या तोफेजवळ पडला.

"फोर, रिपोर्ट."

सेटवर काही नाही.

"फोर, रिपोर्ट."

"फोर. दोन कॅज्युअल्टी. नर्सिंग असिस्टंट पाठवा."

रफिकने तो पाय खाली ठेवला. "मोजे घाल. हे नको, कोरडे घाल." पिशवी खांद्याला अडकवली आणि वाकून पळत गेला. चार नंबरवर त्याने एकाच्या मांडीला पट्टा आवळला. तो जवान वाचला, आज पंजाबात आपल्या गावी आहे. दुसऱ्याकडे, गनर सुखदेव सिंगकडे, रफिक वळला तेव्हा दुसरा गोळा आला.

मी ते साइटच्या कडेने बघितलं. चाकावरचे हात काढले नाहीत. कमांड पोस्टवरून पुढचा आकडा आला होता. मी तो लावला. "थ्री, रेडी." आम्ही दुपारपर्यंत फायर करत होतो. नंतर चार नंबरवर गेलो. रफिकच्या बोटांना अजून जांभळा रंग होता.

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि सुरगाण्याला परतलो. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावात माजी सैनिकांचा एक कार्यक्रम होता. मला शहीद साथीदारांविषयी बोलायला बोलावलं होतं. स्टेजवर जायच्या आधी आयोजकांनी मला हळूच बाजूला घेतलं.

"दादा, लढाईचं सांगा. त्या आजाराचं नको. बायामाणसं आहेत, पाहुणे आहेत."

"रफिक पठाणने आयुष्यात एकही गोळा डागला नाही," मी म्हणालो. "तो कातड्या तपासायचा. आजाराचं सोडून त्याचं काय सांगू?"

"थोडक्यात घ्या मग."

मी थोडक्यात घेतलं नाही. चट्ट्यापासून सुरुवात केली, कापसाचं सांगितलं, मगांचं सांगितलं, कागदाचं सांगितलं. पुढच्या रांगेतली दोन माणसं उठून गेली. मी त्यांच्या पाठीकडे बघत बोलत राहिलो. कोणाच्या अंगावर असा न खाजणारा, बधिर चट्टा असेल तर उद्या सरकारी दवाखान्यात जा, औषध फुकट मिळतं, आणि कोणी झोपडी दाखवली तर त्याला माझ्याकडे पाठवा, असं सांगितलं. शेवटी दोघांची नावं घेतली. गनर सुखदेव सिंग, चार नंबरची तोफ. लान्स हवालदार रफिक पठाण, नर्सिंग असिस्टंट, राहणार मनमाड.

लोक टाळ्या वाजवायला लागले. मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि उभं राहायला सांगितलं. ते उभे राहिले.